गावात नशेचा माल शिरलाय? नाशिक जिल्ह्यात दाद कुणाकडे आणि कशी मागायची

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या साकीनाका पोलिसांनी नाशिक रोडजवळच्या शिंदे गावात एमडी, म्हणजे मेफेड्रोन, बनवणाऱ्या कारखान्यावर छापा घातला. कोट्यवधींचा माल सापडला म्हणून बातमी राज्यभर गाजली, पण आपल्या जिल्ह्याला खरा धक्का पत्त्याचा होता. शेजारच्या गावातला साधा दिसणारा गाळा आणि आत हा उद्योग. तेव्हापासून निफाड असो की सिन्नर, दिंडोरी असो की नांदगाव, पारावर हा विषय निघतो आणि बहुतेक वेळा पारावरच संपतो. पुढे जायचं कुठे, हेच कुणाला नीट ठाऊक नसतं.

सरकारी मदत आहे, फक्त ती एका दारात मिळत नाही. पोलीस, राज्य उत्पादन शुल्क, अन्न व औषध प्रशासन, समाजकल्याण, सिव्हिल हॉस्पिटल, जिल्हाधिकारी कार्यालय आणि खुद्द ग्रामसभा अशा सात ठिकाणी ती वाटली गेली आहे. त्यात गावं एक घोळ हमखास घालतात. माल विकणारा आणि माल ओढणारा पोरगा, दोघांना एकाच अर्जात घालून ठाण्यात नेतात. मग पोरांचे आईबाप घाबरून विकणाऱ्याचीच बाजू घेतात आणि प्रकरण दडपलं जातं. विकणाऱ्याची वाट ठाण्याकडे जाते, ओढणाऱ्याची दवाखान्याकडे. या दोन फायली पहिल्या दिवसापासून वेगळ्या ठेवा. पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

आधी ठरवा, माल कोणता आहे

‘गावात नशा वाढली आहे, कारवाई व्हावी’ एवढ्या वाक्यावर कोणताही अधिकारी काही करू शकत नाही. मालाप्रमाणे कायदा बदलतो आणि कायद्याप्रमाणे कार्यालय.

गांजा आणि एमडी हे १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्यात येतात, आणि तिथे सगळा हिशोब वजनाचा आहे. गांजा एक किलोपर्यंत असेल तर ते अल्प प्रमाण, वीस किलोच्या वर गेला की व्यावसायिक. एमडीचे हेच आकडे दोन ग्रॅम आणि पन्नास ग्रॅम आहेत. व्यावसायिक प्रमाणाला किमान १० वर्षं, जास्तीत जास्त २० वर्षं सक्तमजुरी आणि किमान एक लाखाचा दंड. म्हणजे शर्टाच्या खिशात मावणारी एमडीची पिशवी आणि गांजाचं अख्खं पोतं कायद्याच्या लेखी एकाच पायरीवर बसतात. एमडी पोचवायला म्हणूनच मोटारसायकलवरची कोवळी पोरं वापरली जातात, आणि आपण काय शिक्षा ओढवून घेतोय याचा त्यांना पत्ताही नसतो.

मालेगाव पट्ट्यात ‘कुत्ता गोळी’ म्हणतात ती अल्प्राझोलाम. हे झोपेचं, चिंतेवरचं औषध आहे आणि डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. औषध दुकानदाराला त्यासाठी एच-वन वर्गाचं वेगळं रजिस्टर ठेवावं लागतं आणि ते तीन वर्षं जपावं लागतं. कोडीन असलेलं खोकल्याचं औषधही याच वर्गात. गोळ्या मेडिकलमधून बाहेर पडत असतील तर अन्न व औषध प्रशासनाचा १८०० २२२ ३६५ हा टोल फ्री क्रमांक आहे. ते परवान्यावर कारवाई करतात आणि मेडिकलवाल्याला परवान्याची भीती पोलिसांच्या भीतीपेक्षा मोठी असते. गोळ्या टपरीवर किंवा हातोहात विकल्या जात असतील, तर मात्र थेट पोलीस.

हातभट्टी, बनावट दारू आणि पेठ-सुरगाण्याकडून येणारी दमण, दादरा-नगर हवेलीची चोरटी दारू हे राज्य उत्पादन शुल्क विभागाचं काम आहे, पोलिसांचंही आहे. उत्पादन शुल्कचा टोल फ्री क्रमांक १८०० २३३ ९९९९.

आपलं गाव नेमकं कुणाच्या हद्दीत

नाशिकमध्ये पोलिसांच्या दोन यंत्रणा आहेत. शहर पोलीस आयुक्तालय आणि ग्रामीण पोलीस अधीक्षक. गाव असलं म्हणून ते ‘ग्रामीण’कडेच असतं असं नाही, शहरालगतची बरीच गावं आयुक्तालयात मोडतात; शिंदे गावच पाहा, ते नाशिक रोड ठाण्याकडे. अधीक्षकांच्या नावाचा अर्ज आयुक्तालयाच्या हद्दीतल्या गावाने केला तर तो पत्रव्यवहारात महिनाभर फिरतो. मालेगाव भागासाठी अपर पोलीस अधीक्षक मालेगावात बसतात. प्रत्येक उपविभागाला उपअधीक्षक, म्हणजे उपविभागीय पोलीस अधिकारी, असतात, आणि ग्रामीण भागातल्या मोठ्या कारवाया बहुधा स्थानिक गुन्हे शाखा करते, जिला सगळे एलसीबी म्हणतात. गावाच्या बीटचा हवालदार कोण, ठाण्याचा प्रभारी कोण आणि उपअधीक्षक कोण, ही तीन नावं आणि कार्यालयाचे क्रमांक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहून ठेवा. पोलीस पाटलाकडे ते असतातच.

पाहा, लिहा, पण हात लावू नका

तरुण मंडळी चिडून टपरीवर धाड घालतात, पुड्या काढतात, व्हिडिओ करतात, विकणाऱ्याला दोन ठेवून देतात आणि सगळं घेऊन ठाण्यात जातात. अशा केसमध्ये आरोपीचा वकील पहिल्याच तारखेला हसतो. एनडीपीएसमध्ये झडती कुणी घ्यायची, कशी घ्यायची हे काटेकोर ठरलेलं आहे. कलम ४२ प्रमाणे अधिकार असलेल्या अधिकाऱ्यानेच, मिळालेली माहिती लेखी नोंदवून, झडती घ्यायची. कलम ५० प्रमाणे अंगझडतीपूर्वी आरोपीला सांगावं लागतं की राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती देण्याचा तुला हक्क आहे. नमुने काढायचे ते कलम ५२अ प्रमाणे दंडाधिकाऱ्यासमोर. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याच्या, कलम १०५ प्रमाणे झडती-जप्तीचं चित्रीकरणही करावं लागतं. गावकऱ्यांच्या हातून गेलेल्या पुडीला यातलं काहीच नसतं, उलट मारहाणीचा गुन्हा पोरांवर दाखल होतो. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोराला तो चारित्र्य पडताळणीत आडवा येतो.

त्याऐवजी एक साधी वही करा आणि ती दोन-तीन विश्वासू माणसांतच राहू द्या. वार आणि वेळ, ठिकाण, गाडीचा रंग आणि नंबर, माल कुठून निघतो आणि कुठे बदलतो, गर्दी कधी होते. एवढं दोन आठवडे लिहिलं तरी त्यातून एक चाल दिसू लागते. शुक्रवारी पगार झाला की एमआयडीसीच्या वळणावर गर्दी होते, किंवा द्राक्ष छाटणीला आलेल्या मजुरांच्या वस्तीवर अमुक मोटारसायकल रोज सातला येते. छापा कधी घालायचा ते पोलिसांना यावरूनच कळतं. गिऱ्हाइकांची नावं वहीत नकोत. पाठलाग, चोरून फोटो, बनावट गिऱ्हाईक पाठवणं, यातलं काहीही करू नका.

खबर कशी द्यायची

समोर काही घडत असेल, भांडण पेटलं असेल, गाडीतून माल उतरत असेल तर ११२. इथे तुमचा नंबर दिसतो आणि पोलिसांची गाडी निघते, त्यामुळे जुनी तक्रार सांगायला हा क्रमांक वापरू नका. नाव पुढे येऊ न देता अमली पदार्थांची माहिती द्यायची तर केंद्रीय अमली पदार्थ नियंत्रण विभागाची ‘मानस’ हेल्पलाइन, क्रमांक १९३३, जुलै २०२४ पासून सुरू आहे. माल जिल्ह्याबाहेरून येतोय किंवा ठाण्यातल्याच कुणावर संशय आहे, तेव्हा हा रस्ता जास्त बरा.

लोकांची सगळ्यात मोठी भीती नाव फुटण्याची असते. एनडीपीएसच्या कलम ६८ प्रमाणे खबर कुठून मिळाली हे सांगायची सक्ती पोलीस अधिकाऱ्यावर कोर्टातही करता येत नाही. नावं फुटतात ती बहुतेक गावातच, आपणच चहाच्या टपरीवर बोलल्यामुळे. दुसरी बाजूही ध्यानात असू द्या. जाणूनबुजून, द्वेषाने खोटी खबर देऊन कुणाची झडती किंवा अटक घडवली तर कलम ५८ प्रमाणे दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बांधाचं भांडण या मार्गाने मिटवायचा मोह काहींना होतो, म्हणून हे सांगून ठेवलं.

खबर तोंडी द्या, मागणी लेखी करा. लेखी अर्ज व्यक्तीने न देता ग्रामपंचायत, तंटामुक्ती समिती, महिला बचत गटांचा ग्रामसंघ किंवा शाळा व्यवस्थापन समितीने द्यावा, म्हणजे एकाच्या डोक्यावर ओझं येत नाही. मजकूर असा पुरे:

प्रति, मा. प्रभारी अधिकारी, ______ पोलीस ठाणे.
विषय: मौजे ______, ता. ______ येथील अमली पदार्थांच्या विक्रीबाबत.
महोदय, आमच्या गावाच्या हद्दीत ______ या ठिकाणी अंदाजे ______ या वेळेत संशयित अमली पदार्थांची विक्री होत असल्याचे गावकऱ्यांच्या निदर्शनास आले आहे. येथून ______ शाळा ______ मीटरवर आहे. तपशील गोपनीय राहावा म्हणून तो बंद पाकिटात सोबत जोडला आहे. विनंती की, (१) आपल्या स्तरावर खात्री करून कारवाई व्हावी, (२) सायंकाळी ६ ते १० या वेळेत गस्त वाढवावी, (३) केलेल्या कार्यवाहीची माहिती ग्रामपंचायतीस लेखी कळवावी.
प्रत माहितीसाठी: मा. उपविभागीय पोलीस अधिकारी, मा. पोलीस अधीक्षक, नाशिक ग्रामीण, मा. तहसीलदार.

उघड अर्जात संशयिताचं नाव लिहू नका, ते पाकिटात. आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का असलेली पोच घेतल्याशिवाय ठाण्याच्या पायऱ्या उतरू नका. पुढे कधी माहितीचा अधिकार वापरायची वेळ आली तर हाच क्रमांक कामाला येतो.

पोलीस पाटील आणि गावातल्या समित्या

महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियम, १९६७ प्रमाणे गावातल्या गुन्ह्यांची माहिती पोलिसांना आणि दंडाधिकाऱ्यांना देणं हे पोलीस पाटलाचं कर्तव्यच आहे. मार्च २०२४ मध्ये सरकारने त्यांचं मानधन साडेसहा हजारांवरून १५ हजार रुपये केलं. गावात पद रिकामं असेल तर प्रांत कार्यालयाकडे भरतीची मागणी करा, कारण नेमणूक तेच करतात. शेजारच्या गावच्या पाटलाकडे तात्पुरता कार्यभार असतो आणि तो वर्षानुवर्षं तसाच राहतो, ही जिल्ह्यातली जुनी रड आहे.

गांजाच्या लागवडीबाबत तर कायदा आणखी कडक आहे. एनडीपीएसच्या कलम ४७ प्रमाणे पंच, सरपंच आणि गावच्या प्रत्येक अधिकाऱ्यावर अशी लागवड कळताच तत्काळ माहिती देण्याची जबाबदारी आहे आणि ती टाळली तर शिक्षा आहे. मका, ऊस, तुरीच्या ओळींत लपवलेली झाडं दिसली आणि सरपंच गप्प बसले, तर ते स्वतः अडचणीत येतात. सरपंचांना हे कलम एकदा वाचून दाखवा, फरक पडतो.

समित्यांची नावं सारखी वाटतात म्हणून थोडं स्पष्ट करतो. ग्रामरक्षक दल दारूबंदी कायद्यातल्या तरतुदीप्रमाणे, मतदारांच्या मागणीवरून विशेष ग्रामसभेत निवडलं जातं आणि त्याचा रोख अवैध दारूवर असतो. ग्रामसुरक्षा दल पोलिसांच्या देखरेखीखाली रात्रीची गस्त घालतं. तंटामुक्त गाव समिती २००७ च्या मोहिमेतली. बऱ्याच गावांत ती कागदावरच उरली आहे, तरी अर्ज द्यायला तेवढा कागदही उपयोगी पडतो. ठाण्यात महिला दक्षता समिती असते, तिच्यात आपल्या गावची एक बाई असेल असं बघा. नवऱ्याच्या किंवा मुलाच्या नशेबद्दल बायका तिथे बोलतात, ग्रामसभेत बोलत नाहीत. एका फोनवर अख्ख्या गावाला इशारा पोचवणाऱ्या ग्रामसुरक्षा यंत्रणेचा १८०० २७० ३६०० हा क्रमांक चोरी, दरोडा, बिबट्या, आग यांच्यासाठी आहे. नशेची खबर त्यावर चुकूनही देऊ नका, ती विकणाऱ्याच्या फोनवरही वाजेल.

ग्रामसभेचा ठराव

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या ग्रामसभा ठरलेल्या. विषयपत्रिकेवर विषय आधी घ्यायला लावा. ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचा विषय’ म्हणून घेतलेला ठराव कार्यालयात हलकाच पडतो. ठरावात भाषण नको, मागण्या हव्यात: अमुक ठिकाणी गस्त, अमुक चौकात पथदिवा आणि कॅमेरा, मेडिकलची तपासणी, शाळेच्या १०० यार्डांतली तंबाखूची विक्री बंद, प्राथमिक आरोग्य केंद्रात महिन्यातून एक दिवस समुपदेशन. प्रत्येक मागणीपुढे ती कुणाकडे पाठवायची ते कार्यालय लिहा आणि ठरावाची प्रत त्याच आठवड्यात रवाना झाली की नाही ते जावक रजिस्टरमध्ये पाहा. ग्रामसेवकाच्या टेबलावरून न हललेला ठराव म्हणजे न झालेला ठराव.

पेठ, सुरगाणा, कळवण हे पूर्ण तालुके आणि दिंडोरी, इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, नाशिक, बागलाणमधली काही गावं अनुसूचित, म्हणजे आदिवासी, क्षेत्रात आहेत. तिथल्या ग्रामसभेला १९९६ च्या पेसा कायद्याने मादक पदार्थांच्या विक्रीवर आणि सेवनावर बंदी किंवा निर्बंध आणण्याचा अधिकार दिला आहे. दारूच्या बाबतीत हे मोठं हत्यार आहे. गांजा-एमडीवर बंदीचा ठराव करण्याची गरज नाही, ते आधीच गुन्हा आहेत. तिथे ठरावाने कारवाईची मागणी करायची. दंड, बहिष्कार, गावाबाहेर काढणं हे मात्र पेसातही बसत नाही. सामाजिक बहिष्कार हा राज्यात स्वतंत्र गुन्हा आहे.

जिल्हाधिकाऱ्यांची समिती: हे दार गावाला माहीतच नसतं

अमली पदार्थांवर देशभर चार स्तरांची समन्वय यंत्रणा आहे, एनकॉर्ड. तिची जिल्हा समिती जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली बसते. पोलीस, उत्पादन शुल्क, औषध प्रशासन, आरोग्य, शिक्षण, कृषी, समाजकल्याण एका टेबलाशी असतात. गावाचा ठराव या समितीपुढे ठेवला जावा असा अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात द्या. एकेका कार्यालयाला वेगळं पत्र लिहून जे सहा महिन्यांत होत नाही, ते तिथे ‘अमुक गावच्या ठरावावर काय केलं’ या एका प्रश्नाने हलतं, असं माझं मत आहे. जिल्हाधिकाऱ्यांना समोरासमोर भेटायचं तर महिन्याच्या पहिल्या सोमवारचा लोकशाही दिन आहे. तालुक्याचा तिसऱ्या सोमवारी.

एक वेळेची गोष्टही आहे. सिंहस्थ ३१ ऑक्टोबर २०२६ च्या ध्वजारोहणाने सुरू होऊन २०२८ पर्यंत चालणार आहे. पर्वणीच्या काळात ठाण्याठाण्यांतली माणसं बंदोबस्ताला जातात. गस्त, दूरक्षेत्र (छोटी पोलीस चौकी), कॅमेरे यांच्या मागण्या जितक्या आधी लेखी जातील तितकं बरं.

ओढणाऱ्याची फाईल

इथे सरपंच किंवा पोलीस पाटलापेक्षा आशाताई जास्त कामाच्या. घरात कोण झोपत नाही, कुणाच्या अंगावर वळ आहेत, कुणाचे दागिने गेले, हे त्यांना कळलेलं असतं.

पहिला फोन १४४४६ वर करा. सामाजिक न्याय मंत्रालयाची ही व्यसनमुक्ती हेल्पलाइन मोफत समुपदेशन करते आणि जवळचं सरकारी मान्यतेचं केंद्र सांगते. मन खचलंय, आत्महत्येचे विचार येताहेत असं असेल तर टेलि-मानस, १४४१६. नाव १९३३ च्या मानससारखंच असल्याने लोक गफलत करतात. १९३३ वर विक्रेत्याची खबर, १४४१६ वर मनाचा आजार.

त्यानंतर डॉक्टर. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली नाशिकच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मानसोपचार विभाग आहे. ग्रामीण रुग्णालयातून किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातून चिठ्ठी घेऊन जा, आधार कार्ड आणि चालू गोळ्यांची रिकामी पाकिटंही घ्या. डॉक्टरांना माल कोणता, किती वर्षं, शेवटचा कधी, हे खरं सांगा.

घरात डांबून व्यसन सोडवायचा प्रयत्न जिवावर बेतू शकतो. रोज भरपूर दारू पिणाऱ्याने ती एकदम बंद केली तर दोन-तीन दिवसांत फिट येणं, भास होणं, भ्रमिष्ट होणं घडतं, आणि वेळेत उपचार नाही मिळाले तर माणूस दगावतो. कुत्ता गोळीचंही तसंच. अल्प्राझोलाम महिनोनमहिने घेणाऱ्याचा डोस डॉक्टर टप्प्याटप्प्याने उतरवतात, एका रात्रीत बंद केला तर फिट येते. एमडी सुटताना शरीरापेक्षा मनाला जड जातं. झोप उडालेली, सगळ्यांवर संशय, आणि नशा उतरल्यावर टोकाची उदासी. त्या दिवसांत पोराला एकटं ठेवू नका आणि घरातलं कीटकनाशक कुलपात ठेवा. बागायती घरांत ते हाताशीच असतं.

भरती करायचीच असेल तर केंद्र निवडताना घाई नको. केंद्र सरकारच्या अनुदानावर चालणाऱ्या एकात्मिक व्यसनमुक्ती पुनर्वसन केंद्रांत उपचार मोफत असतात. जिल्ह्यातली यादी सहायक आयुक्त, समाजकल्याण यांच्या कार्यालयात मागा. नशामुक्त भारत अभियानाचं कामही सामाजिक न्याय विभागाकडेच आहे, शाळा-कॉलेजातल्या कार्यक्रमांसाठी माणसं तिथून मिळू शकतात. खासगी केंद्र असेल तर मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ खालचं नोंदणीपत्र दाखवायला सांगा. मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा येतात, घरच्यांना भेटू देतात का, पावती मिळते का, हे विचारा. या कायद्याने रुग्णाला साखळीने बांधता येत नाही. रुग्णाच्या इच्छेविना भरती करायची तर त्याच्या प्रतिनिधीच्या अर्जावर, डॉक्टरांच्या तपासणीनंतर आणि सुरुवातीला ३० दिवसांपर्यंतच. ‘सहा महिने सोडा आमच्याकडे, फोनही करू नका’ म्हणणाऱ्या केंद्राच्या दारातून परत फिरा. वाईट अनुभव आला तर तक्रार मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे.

आता आईबापांची भीती: ‘दवाखान्यात नेलं तर पोलीस केस होईल.’ उपचार घेणं हा गुन्हा नाही. उलट केस झालीच असेल आणि ती निव्वळ सेवनाची किंवा अल्प प्रमाणाची असेल, तर एनडीपीएसच्या कलम ६४अ प्रमाणे व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेऊन ते पूर्ण करत असेल तर खटल्यापासून संरक्षण मिळतं. उपचार अर्धवट सोडले तर ते जाऊ शकतं. कलम ३९ प्रमाणे कोर्टही शिक्षेऐवजी उपचारासाठी पाठवू शकतं. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समिती आहे, हेल्पलाइन १५१००. फक्त हे कळून घ्या की पोरगा दुसऱ्यांना पुड्या देऊ लागला असेल तर ही सवलत तिथे उपयोगाची नाही.

पोरगा परत आल्यावरचं पहिलं वर्ष कठीण. त्याला बागेतल्या कामावर, दुकानात, कुठेही ठरल्या वेळेला जावं लागेल असं काहीतरी द्या. जुना फोन नंबर बदला, जुने मित्र तिथूनच परत येतात.

अठरा वर्षांखालची मुलं

इथे वेगळा कायदा आहे आणि तो जबर आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७७ प्रमाणे मुलाला दारू, तंबाखू किंवा अमली पदार्थ देणाऱ्याला आणि कलम ७८ प्रमाणे मुलाकडून ते विकवून घेणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. विक्रेत्याकडे माल थोडाच सापडला तरी मुलांना विकल्याचं सिद्ध झालं की हे कलम लागतं, म्हणून तक्रारीत याचा उल्लेख आग्रहाने करा. मुलासाठी फोन १०९८. गावात सरपंचांच्या अध्यक्षतेखालची बाल संरक्षण समिती आहे का, अंगणवाडी सेविकेला विचारा. मुख्याध्यापकांनी दाखला हातात देऊन मुलाला घालवू नये. शाळेबाहेर पडलेला मुलगा विक्रेत्याला फुकटचा गडी मिळतो.

शेत, शेड आणि बंगला भाड्याने देताना

बंद पडलेलं पोल्ट्री शेड, गोदाम, इगतपुरीकडचे बंगले. जून २०२१ मध्ये ग्रामीण पोलिसांनी इगतपुरीत पार्टीवर टाकलेला छापा अनेकांना आठवत असेल. जागा माहीत असून नशेच्या कामाला वापरू दिली तर एनडीपीएसच्या कलम २५ प्रमाणे मालकही आरोपी होतो. भाडेकरार लेखी करा, आधारची प्रत ठेवा, ठाण्यात भाडेकरूची माहिती द्या आणि करारात ‘मालकाला पाहणीचा हक्क’ लिहून घ्या. बाजारभावाच्या दुप्पट भाडं, दिवसा कुलूप आणि रात्री गाड्या, रसायनाचा उग्र वास, निळे ड्रम, मोठे एक्झॉस्ट पंखे असं दिसलं तर आत डोकावू नका, बाहेरूनच कळवा. त्या रसायनांना आग लागते. वाट्याने दिलेल्या शेतात गांजा आढळला तर कळवण्याची जबाबदारी कलम ४६ प्रमाणे जमीनधारकाची आहे.

पैसे कुठून

पथदिवे आणि कॅमेऱ्यांसाठी वित्त आयोगाचा अबंधित निधी, जिल्हा वार्षिक योजना, आमदार निधी आणि जवळ एमआयडीसी असेल तर कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी. आराखड्यात काम आधी घेतलेलं हवं. महिला व बालकल्याणासाठी राखलेल्या दहा टक्क्यांतून मुली-महिलांचे समुपदेशन वर्ग घेता येतील. कॅमेरे बसवताना वीजबिल, रेकॉर्डिंग किती दिवस राहणार आणि दुरुस्ती कोण करणार हे ठरवा. उद्घाटनानंतर वर्षभरात बंद पडलेले कॅमेरे कमी नाहीत.

पोलीस दाद देत नसतील तर

दखलपात्र गुन्ह्याची माहिती देऊनही नोंद झाली नाही, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे ती लेखी स्वरूपात, पोस्टाने, पोलीस अधीक्षकांना पाठवा. तिथेही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. अधल्यामधल्या पायऱ्या म्हणजे उपअधीक्षकांची भेट, आपले सरकार पोर्टलवरची तक्रार आणि माहितीच्या अधिकारात ‘आवक क्रमांक अमुकवर काय कार्यवाही झाली’ हा एकच प्रश्न. पोलिसांच्याच गैरवर्तनाबद्दल राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे. मात्र पंधरा दिवसांत छापा पडला नाही म्हणून ठाणं विकलं गेलंय असा निष्कर्ष काढू नका. एमडीच्या प्रकरणात छोट्या विक्रेत्याला मोकळं ठेवून त्याच्या मागचा माणूस शोधला जात असतो आणि ते तुम्हाला सांगितलं जाणार नाही.

छापा पडला की गावाकडून पंच मागितले जातात, आणि तेव्हा सगळे शेतात पळतात. पंच व्हायला राजी असलेली, वाचता येणारी, आरोपीशी भावकी किंवा देणंघेणं नसलेली चार-पाच माणसं आधीच ठरवून ठेवा. पंचनामा वाचल्याशिवाय सही करू नका. वजन काटा कोणता होता, सील कसं लावलं, किती वाजले होते, हे डोळ्यांनी पाहा आणि घरी येऊन आपल्या वहीत तारखेसह लिहून ठेवा. साक्षीला बोलावणं दोन-तीन वर्षांनीही येऊ शकतं आणि उलटतपासणीत हेच प्रश्न विचारले जातात. कोर्टाच्या तारखेला जाण्या-येण्याचा भत्ता मिळतो, तो कोर्टातल्या कारकुनाकडे मागून घ्या.